सात थर आणि एक भोक

चाळीस वर्षं सातपूरच्या फाउंड्रीत
मी लाकडाचे पॅटर्न केले.
पंपाचे, गिअरबॉक्सचे, कसल्या कसल्या झाकणांचे.
वाळूत दाबायचे, अलगद उपसायचे,
राहिलेल्या पोकळीत लोखंड ओतायचं.
माझं लाकूड कंपनीच्या गेटाबाहेर कधी गेलं नाही,
गेली ती त्याची पोकळी.

म्हणून गंगापूर रोडच्या द्राक्षवाल्याने
दिंडोरीच्या पुढचं, उत्तरेकडचं ते धरण
लाकडात मागितलं, भिंतीवर लावायला,
थरांथरांचं, परदेशात एका मासेवाल्या हॉटेलात पाहिलं तसं,
तेव्हा मला फार वेगळं वाटलं नाही.
काही ओतायचं नाही, एवढंच.

खोलीचा कागद कुणाकडे नव्हता.
होता कचरू बेंडकुळे,
ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळं टाकणारा.
मीटर त्याला ठाऊक होता, मान्य नव्हता.
नायलॉनची दोरी, टोकाला रिक्षाचं बेअरिंग,
परसागणिक गाठ.
"इथं दोन परस.
त्या बाभळीच्या सरळ रेषेत साडेतीन, खाली गाळ.
मरळ इथंच बसती."
परस म्हणजे हात वर करून उभा माणूस.
मी काठावर वहीत लिहीत गेलो
उभी माणसं, एकाच्या हातांवर दुसरा,
आणि सगळ्यांच्या वर कचरूची ट्यूब.

विचारलं, शून्य कुठलं धरायचं?
पाणी तर रोज उतरतंय.
फाउंड्रीत आमच्याकडे आकसपट्टी असायची:
लोखंड गार होताना आकसतं,
म्हणून तिच्यावरचा इंच मुळातच थोडा लांब.
पाण्याची आकसपट्टी कुणी केलीय?
कचरू म्हणाला, "भिंतीवर पांढरी रेघ हाये ना, तिथून धरा.
तिच्या वर पाणी नसतं, नुसती भाषणं असतात."

काठाला खोक्यांचा देवदार घेतला, स्वस्त, उजळ.
त्याच्या खाली आंबा, मग शिवण,
मग जे हाताशी होतं ते, गडद होत जाणारं,
अगदी तळाला शिसव,
बहिणीच्या मोडक्या कपाटाच्या दाराचं.
कडा कानशीने घासताना कळत होतं
कुठे उतार सावकाश आहे
आणि कुठे गाईगुरं घसरली असतील.

तिसऱ्या रविवारी दोरी थांबेचना.
पाच. सहा. गाठी संपल्या.
कचरूने खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला
आणि तसाच राहिला थोडा वेळ, कान तिरका करून.
"हिर हाये," म्हणाला. "सोमाची.
बांधून सहाच महिने झालते.
पाणी लागलं नव्हतं तिला."

घरी येऊन शिसवातून आरपार भोक पाडलं.
तेवीस मिलिमीटर, मापात.

द्राक्षवाला आला, बोटाने काठ फिरला,
वा म्हणाला, निळं रेझिन ओतू का विचारलं,
मग खाली वाकला:
"एवढं बुजवून द्या हो. कीड लागल्यासारखं दिसतं.
आणि रेझिन गळेल त्यातून."
बुजवलं.
शिसवाचीच खुंटी, रेषेला रेषा जुळवून,
नखालाही लागणार नाही अशी.
पैसे मोजून घेतले. मी काही संत नाही.

दुसरा नकाशा उरलेल्या तुकड्यांचा, कचरूसाठी,
थर जरा कमीजास्त, रंग बेताचे.
ओसरीवर बसून त्याने डोळे मिटले
आणि अंगठा पाण्यात सोडला.
"हां, हितं जाळं अडकतं.
हितं वाम."
मग उतरत, उतरत
अंगठा भोकाशी आला. आत मावेना.

त्याने नकाशा उचलला दोन्ही हातांनी,
भोकाला डोळा लावला.
पलीकडे माझ्या ओसरीची फरशी,
तिच्यावर भुसा.
बराच वेळ पाहत राहिला.
"कोरडीच हाये," म्हणाला.